जिथे असेल तिथे

८ फेब्रुवारी १९३२, सोमवार

आगबोट सकाळी सातला रत्नागिरीसमोर उभी राहिली आणि पडावातून मांडवीला उतरेपर्यंत माझे धोतर गुडघ्यापर्यंत भिजले. तरी मन खूश होते. किनाऱ्यावर मासळी वाळत पडली होती, तिच्या वासानेच पोटात कावळे ओरडू लागले. तीन वर्षांत या मातीला पाय लावला नव्हता. मुंबईचा माणूस म्हणून मी गिरणीत कितीही ऐट मिरवीत असलो तरी हा वास आला की सगळी ऐट गळून पडते.

घ्यायला रावजी तांडेल आला होता. रावजीचे दात आणि गलबत दोन्ही गेले आहेत, बडबड तेवढी शाबूत आहे. गेल्या दिवाळीत तो मुंबईला आमच्या चाळीत उतरला होता. मला झोप येत नाही हे पाहून त्यानेच ध्यानाच्या या जागेची गोष्ट काढली. आजपासून एकवीस दिवस तोही माझ्याबरोबर बसणार आहे आणि मौन पाळणार आहे. हे ऐकून मला इतके हसू आले की हमालही वळून बघू लागले.

जागा मिरजोळ्याच्या वरच्या अंगाला, उघड्या कातळावर आहे. जांभ्या चिऱ्याचे कौलारू घर, पुढे पडवी, मागे विहीर, आजूबाजूला मोहोरलेली आंब्याची झाडे. लोक याला बर्मीबुवांचा मठ म्हणतात. बुवा मूळचे मांडवीचेच. तीस वर्षे ब्रह्मदेशात मोलमीनला लाकडाच्या वखारीत कारकून होते, तिथेच चीवर घेऊन भिक्षू झाले आणि चार वर्षांपूर्वी परत आले. आम्ही त्यांना भन्ते म्हणायचे, पण मांडवीचे म्हातारे अजून आप्पा म्हणून हाक मारतात आणि तेही ओ देतात. ब्रह्मदेशाच्या राजाला इंग्रजांनी इथेच आणून ठेवले होते, त्यामुळे रत्नागिरीकरांना बर्मी म्हटल्यावर फारसे नवल वाटत नाही.

नियम सांगितले. बोलायचे फक्त भन्त्यांशी. बारा वाजल्यानंतर जेवायचे नाही. वाचायचे नाही, लिहायचे नाही. शेवटच्या नियमाला मी सर्वांत जोरात मान डोलावली आणि खोलीत येऊन ही वही ट्रंकेच्या तळाशी ठेवली. काय करणार, हाताला खोड आहे. चाळीत अर्ध्या गावाची पत्रे मीच लिहितो.

९ फेब्रुवारी, मंगळवार

श्वास बघायचा. एवढेच काम. आत येतो तो नाकपुडीच्या टोकाला, वरच्या ओठाच्या वर, गार लागतो. बाहेर जातो तो कोमट. तो लांब असेल तर लांब आहे हे जाणायचे, आखूड असेल तर आखूड. त्याला ओढायचे नाही, ढकलायचे नाही. भन्ते म्हणाले की घराच्या दारात बसल्यासारखे बसावे, येणाऱ्याजाणाऱ्याच्या मागे धावू नये. मी बारा वर्षे गिरणीच्या दारात बसून हजेरी घेतली आहे, मला हे काम सोपे जाईल असे वाटले होते. चौथ्या श्वासाला मी पानात वाढलेल्या बांगड्याच्या तिखल्यापाशी पोचलो होतो.

गुडघे तर मेलेच. रावजी मात्र मजेत आहे. तो बसल्या बसल्या घोरतो आणि भन्ते त्याला काही म्हणत नाहीत. सोनूबाई म्हणून मिरजोळ्याची एक बाई जेवण करते. भात, कुळथाचे पिठले, ताकाची कढी. मासळी नाही. पान वाढते, आम्ही खाली मान घालून जेवतो. मौन तिला लागू नाही, त्यामुळे ती विहिरीशी, मांजराशी आणि चुलीशी मनसोक्त बोलते.

११ फेब्रुवारी, गुरुवार

दुपारी कातळावर चालण्याचा अभ्यास. वीस पावले जायचे, वळायचे, वीस पावले यायचे. उचलतो, पुढे नेतो, ठेवतो. कातळ तापलेला असतो, तळव्याला चटका बसतो, तोही जाणायचा. माझी पावले हजेरी-कारकुनाची आहेत, भराभर पडतात. भन्त्यांनी मागून येऊन खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले की अरे, कुठे पोचायचे नाही आहे. का कोण जाणे, मला एकदम रडू आले.

काल मी सहा तास झोपलो. तीन वर्षांत प्रथमच.

१४ फेब्रुवारी, रविवार

आज एकेकाला बोलावून मैत्रीचा अभ्यास दिला. त्याची रीत अशी. आधी स्वतःला म्हणायचे, मी सुखी होवो. मग आपल्यावर उपकार करणाऱ्या कुणाला, मग ज्याचे ना घेणे ना देणे अशा कुणाला, आणि सगळ्यांत शेवटी ज्याचा विचार मनात सलतो त्याला. त्याचा चेहरा डोळ्यांसमोर आणायचा आणि सावकाश म्हणायचे: सुखी होवो, निर्भय होवो, निरोगी होवो, जिथे असेल तिथे सुखाने राहो. असे दिवसाला शेकडो वेळा.

भन्त्यांनी विचारले, सलणारे माणूस कोण. मी नाव सांगितले. विठू. माझ्या गावचा, माझ्याच खोलीत राहणारा.

त्यांनी विचारले, हयात आहे ना? आणि मला नीट समजावून सांगितले की मैत्री जिवंतालाच पाठवायची असते. मेलेल्याला पाठवायची नाही, हा जुना दंडक आहे. मेलेल्यासाठी वेगळे असते, त्याचे नाव घेऊन, तो गेला असे मोठ्याने बोलून, भांड्यातून जमिनीवर पाणी सोडायचे आणि आपले पुण्य त्याला द्यायचे. त्यांचे मोलमीनचे गुरू म्हणत की जिवंताला मैत्री पोचली तर तो आहे तिथे सुखी होतो, पण मेलेल्याला उभे राहायला जागाच नसते, म्हणून तो मैत्री पाठवणाऱ्याकडे येतो.

मी म्हणालो, हयात आहे. रंगूनला असतो.

झाले. त्यांना तीस वर्षांचा ब्रह्मदेश तोंडपाठ. रंगूनला कुठे, कुणाच्या हाताखाली, कुठल्या मोहल्ल्यात. मी एक लाकूडगिरणी रचली, नदीकाठी नेऊन ठेवली, वर एक मद्रासी मुकादमही नेमला. घाम फुटला होता. दुसऱ्यांदा त्यांनी विचारले, नक्की हयात? मी म्हणालो, गेल्याच महिन्यात पत्र आले.

ही वही कुणी वाचणार नाही, म्हणून लिहितो. पत्र आले हे खरे आहे. मीच लिहिले होते.

तीन वर्षांपूर्वी शिमग्याला सगळी खोली गावी गेली. विठू आणि मी दोघेच राहिलो. त्याला ताप भरला, दुसऱ्या दिवशी काखेत गाठ आली. प्लेगच्या इस्पितळाचे गाडीवाले येऊन त्याला नेतील, खोली बंद करतील, मलाही नेतील, असे सगळे मनात आले. पण खरे कारण एवढे मोठे नाही. मी भ्यालो. बाहेरून कुलूप लावले आणि गिरणीच्या चौकीदाराकडे जाऊन झोपलो. संध्याकाळी जिन्यापर्यंत आलो होतो. आतून तो हाक मारीत होता, महिपत, पाणी दे रे. दोन वेळा ऐकले आणि खाली उतरलो. तिसऱ्या दिवशी कुलूप काढले. गाडीवाल्यांना सांगितले की कोण आहे माहीत नाही, वाटसरू असावा, आसऱ्याला शिरला असेल.

त्याच्या बायकोला, मालनवहिनीला, मी लिहिले की विठूला एकाएकी रंगूनचे काम मिळाले, जहाजावर चढला. मग त्याच्या नावाने दर दोन महिन्यांनी पत्र. बरोबर थोडेफार पाठवतो. तिला वाचता येत नाही, गावचे मास्तर वाचून दाखवतात. ती तीन वर्षे कुंकू लावते आहे.

म्हणून मी हयात म्हणालो. दुसरे काय म्हणणार होतो? गाव इथून तीन कोस. भन्त्यांना सांगितले असते तर त्यांनी मला उद्या तिकडे पाठवले असते.

१५ फेब्रुवारी, सोमवार

आज सकाळच्या बैठकीत त्याचा चेहरा आला. तापातला नव्हे. आम्ही लहानपणी ढोरे घेऊन कातळावर जायचो तेव्हाचा, वरचे दोन दात पुढे असलेला. मी म्हणत गेलो, विठू सुखी होवो, निर्भय होवो, निरोगी होवो, जिथे असेल तिथे सुखाने राहो. छातीत ऊब भरत गेली. तास कसा गेला कळले नाही. उठलो तेव्हा उपरणे आसवांनी ओले झाले होते. त्याने मला माफ केले असे वाटले. इतके हलके, इतके आनंदी मला कधी वाटले नव्हते. लाज वाटते लिहायला, पण मी पडवीत उभा राहून एकटाच हसत होतो.

१६ फेब्रुवारी, मंगळवार

खोलीत कोपऱ्यात पाण्याचे मडके असते. सोनूबाई सकाळी भरते. अकरा वाजता तळ दिसत होता. मडके झिरपले असेल म्हणून खाली हात फिरवला, जमीन कोरडी. तिने पुन्हा भरले. जेवून आलो तर पुन्हा रिकामे. ती चुलीला सांगत होती की मुंबईचे लोक एवढे पाणी पितात हे तिला ठाऊक नव्हते.

मैत्री छान चालली आहे. आता शब्द आपोआप येतात. जेवताना, नखे काढताना, मागे कुणी म्हणत असल्यासारखे चालूच असतात.

१७ फेब्रुवारी, बुधवार

जेवणाआधी चालताना. उचलतो, पुढे नेतो, ठेवतो. माझे पाऊल ठेवून झाल्यावर अजून एक पाऊल ठेवले गेले. थांबलो. एक पडले, मग थांबले. ऐन उन्हात, उघड्या कातळावर, जिथे मांजर लपायला जागा नाही. मागे वळून पाहिले, माझीच सावली. पुन्हा चाललो. ते पाऊल ओढत येते, आजारी माणसाचे असते तसे. वीस पावले माझ्याबरोबर आले आणि माझ्याबरोबर वळले.

जेवायला सोनूबाईने माझ्या शेजारी दुसरे पान मांडले. भन्त्यांनी खुणेने विचारले कुणाचे. ती म्हणाली, "यांच्याबरोबरच्या माणसाचा. मघापासना हितं बसलाय, अंगावर घोंगडी घेऊन. मी म्हटला नवीन कोन आला." मग तिने नीट पाहिले आणि पदर डोक्यावरून ओढून चुलीकडे वळली. पान मात्र उचलले नाही.

रावजीने आज मौन मोडले. विहिरीवर माझ्याजवळ येऊन अगदी हळू म्हणाला की महिपत, तुझ्या मागून चालणारा तो कोण, त्याला वैद्याकडे का नेत नाहीस. मी त्याला मौनाची खूण केली. त्यावर तो माझ्याकडे असा बघत राहिला की मला तोंड फिरवावे लागले.

१८ फेब्रुवारी, गुरुवार

मालनवहिनी आली. मला मांडवीला उतरताना कुणीतरी पाहिले आणि तिच्या कानावर घातले. तीन कोस उन्हातून चालत आली, हातात फडक्यात बांधलेले तांदळाचे लाडू. म्हणाली, "भावोजी, तिकडं कुनी जानारा असला तर त्यांना धाडा, नायतर तुमीच खावा." पुष्कळ वाळली आहे. कुंकू मात्र ठसठशीत.

ती विचारायला आली होती. तिच्या भावाने तिच्यासाठी पाटाचे बोलणे आणले आहे. भिकाजी म्हणून पलीकडच्या वाडीतला, बायको गेलेला, दोन लहान मुले. माणूस चांगला आहे, असे ती खाली बघून म्हणाली. आंधळी सासू यमुनाबाईसुद्धा म्हणते की मुलगा परत येणार नसेल तर हिने जन्म का फुकट घालवावा. पण नवरा जिवंत असताना पाट कसा लावायचा? तेव्हा भावोजींनी खरे काय ते सांगावे, कारण विठूचा त्यांच्याइतका दोस्त दुसरा नाही. जिवंत असतील तर ती वाट बघेल, कितीही वर्षे. नसतील तर तसे कळू दे.

सोपे होते. एवढी सोपी वेळ देवाने कुणाला दिली नसेल. तिने दार उघडून धरले होते, मी नुसते आत जायचे होते.

मग ती म्हणाली की चार दिवस झाले, दुपारी घरामागे कुणीतरी पाणी मागते, आवाज त्यांच्यासारखा. ती तांब्या भरून उंबऱ्याबाहेर ठेवते. सकाळी रिकामा असतो. हा शकुन असेल, ते निघाले असतील, असे तिच्या मनात येते.

मी मौन मोडून म्हणालो, आहे, जिवंत आहे. आणि तिने पत्र मागितले म्हणून तिथेच पडवीत बसून तिच्यासमोर लिहून दिले. नेहमीसारखे त्याच्या नावाने. लवकरच घरी येतो, वाट पाहा. मुंबईला माझ्याकडे निरोप आला होता, तो मी कागदावर उतरवतो आहे, असे तिला सांगितले. ती कागद पदरात बांधून हसत गेली.

तिच्या मागून कातळावर घोंगडी पांघरलेला माणूस चालत गेला. पाय ओढत. मी ओरडलो नाही.

१९ फेब्रुवारी, शुक्रवार

मडके भरलेले आहे. पावलाचा आवाज नाही. सोनूबाईने एकच पान मांडले.

मला बरे वाटले. हे लिहून ठेवतो, कारण यापेक्षा नीच गोष्ट माझ्याजवळ लिहायला नाही. तो तिकडे गेला आणि मला बरे वाटले.

२० फेब्रुवारी, शनिवार

बैठकीत बसू शकत नाही. श्वास बघायला गेलो की दोन लागतात. माझा आत येतो तेव्हा दुसरा बाहेर जातो, वरच्या ओठावर, गरम, तापातल्या माणसाचा. माझा थोपवून धरला. दुसरा चालू राहिला. तो तिकडे आहे आणि इथेही आहे.

मैत्री थांबवता येत नाही. दात आवळून धरले तरी आत चालू असते. विठू सुखी होवो. विठू जिथे असेल तिथे.

भन्त्यांसमोर गेलो आणि सगळे सांगितले. कुलूप, जिना, गाडीवाले, पत्रे. सांगताना वाटले की ते मला हाकलून देतील, आणि हाकलले असते तर बरे झाले असते. त्यांनी आसन माझ्याजवळ ओढले. मग म्हणाले की चूक माझीही आहे, मी दोनदा विचारले, तिसऱ्यांदा विचारायला हवे होते. मग म्हणाले, तू त्याला चार दिवस बोलावलेस आणि पाचव्या दिवशी लेखी पत्ता दिलास. तो ज्यांच्या मनात जिवंत आहे त्यांच्याकडेच राहणार. तिला सांग. तिने ऐकले पाहिजे, आणि तिच्यासमोर त्याच्या नावाने पाणी सोडले पाहिजे. दुसऱ्या कुणाच्या तोंडून चालणार नाही.

मी म्हणालो, उद्या जातो.

२१ फेब्रुवारी, रविवार

गेलो नाही. सदऱ्याच्या गुंड्या लावल्या आणि बसून राहिलो.

२२ फेब्रुवारी, सोमवार

तीच आली. नवे लुगडे, हातभर बांगड्या. म्हणाली, ते आले, भावोजी. शुक्रवारी दुपारी. फार थकलेत, अंगात ताप आहे, बोलत नाहीत. माजघरात अंधारात बसून असतात. पाणी तेवढे मागतात, हंडेच्या हंडे पितात. यमुनाबाईंना दिसत नाही, पण त्यांनी तोंडावरून हात फिरवला आणि माझाच विठू म्हणाल्या. भिकाजीला निरोप पाठवून नाही म्हणून कळवले. तुमच्या पत्रात लिहिले होते तसेच झाले.

तिचे डोळे लाल. भन्त्यांनी तिला बसायला सांगितले, तिच्या कपाळाला हात लावला आणि माझ्याकडे पाहिले. ताप. फार नाही, अजून.

मी बोलायला तोंड उघडले. वहिनी, विठू — एवढे झाले आणि पुढचा शब्द येईना. जोर लावला तेव्हा शब्द आले ते असे: विठू सुखी होवो. विठू निर्भय होवो. ती ऐकून लाजली. तिला वाटले मी आशीर्वाद देतो आहे.

भन्त्यांनी स्वतः सांगून पाहिले. तिने शांतपणे ऐकले आणि म्हणाली, "आप्पानू, तुमी त्यांना कधी पायलात? भावोजी म्हनले तर ऐकीन मी." सगळ्या जगात तिचा विश्वास माझ्यावर.

सोनूबाईने तिला आग्रहाने आजचा दिवस ठेवून घेतले आहे. उद्या दुपारी ती परत जाणार. ते वाट बघतात म्हणते. परत गेली तर —

२३ फेब्रुवारी, सकाळ

आवाज गेला. साफ. फक्त ते चार शब्द निघतात. रावजी माझे पाय दाबत बसला होता, बिचारा रडत होता.

रात्रीत तिचा ताप वाढला. काख दुखते म्हणाली. सोनूबाईने हे मला सांगितले आणि माझ्याकडे पाहिले नाही.

तिला वैद्याकडे न्यायला रावजी तयार आहे. ती जात नाही. घरी जायचे म्हणते. ते तहानलेले असतील.

दुपार

भन्ते म्हणाले लिही. तुझ्या हातचे आहे म्हटल्यावर ती ऐकेल, मी समोर बसून तिला वाचून दाखवीन. ती पडवीत बसली आहे, जायला निघालेली. पाणी सोडायला भांडे भरून ठेवले आहे. मी या वहीतच लिहितो, पान फाडून देईन. लवकर —

सौ. मालन हीस विठूचे अनेक आशी

खोडले. हे मी लिहिले नाही. पुन्हा.

सौ. मालन हीस. मी घरी सुखरूप पो

खोडले. हात ऐकत नाही. तीन वर्षे याच नावाने लिहिले, आता तो हात त्याचा आहे. मागे उभा आहे. श्वास मानेवर, गरम. टाकावर माझ्या बोटांवर बोटे —

सौ.

सौ.

सौ. नाही. सौ. नाही. हे एकच अक्षर बदलायचे. हे बदलले की पुढचे तिला वाचून दाखवावे लागणार नाही. डाव्या हाताने मनगट धरले आहे —

ती उठली. बांगड्या वाजल्या. भन्ते तिला थांबवत आहेत. विठू, मला लिहू दे. तिच्यासाठी लिहू दे. मला ने, मी येतो, ते नंतर —

सोडले. बोटे सोडली त्याने.

गं. भा. मालनवहिनी यांस महिपतचा शिरसाष्टांग नमस्कार. तुमचा नवरा विठू हा तीन वर्षांमागे फाल्गुन शुद्ध दशमीस मुंबईत, माझ्या खोलीत, मी बाहेरून कुलूप लावून गेलो असताना, पाणी मागत मे